सगुणा कासारणीच्या हाताला काय कळतं

लोकांच्या डोक्यात काय काय भरलेलं असतं ते पाहिलं की मी थक्क होते. कासारणीने बाईचा पंजा हातात घेतला की तिला सगळं कळतं म्हणे! हिला दिवस गेलेत का, पोटात मुलगा की मुलगी, नवरा मारतो की जपतो, सासरी पोटभर मिळतं की नाही, सगळं. मी स्वतः कासारीण आहे, आणि पंजा दाबून मला आजवर एकच गोष्ट कळत आली आहे. अंगठ्याखालचं हाड किती रुंद आहे, एवढीच. त्यावरून बांगडी कुठल्या मापाची काढायची ते ठरतं. पुढचं काम पाण्याचं, तेलाचं आणि धीराचं. पण हे सांगायला जावं, तर बाया एकमेकींकडे बघून हसतात आणि म्हणतात, "कशी लपवते बघा!"

ही तक्रार माझी एकटीची नाही. माझ्या सासूबाई, सगुणाबाई, यांनी ती जन्मभर केली, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात केली. कल्याणात त्यांना सगळे 'सगुणा कासारीण' म्हणून ओळखत. अंगाने काटकुळ्या, पण तोंड असं की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, अशा त्या बंदरातून होडी धरायच्या आणि खाडीकाठच्या आगरी गावांतून हिंडायच्या. कधी पायीच शीळपर्यंत जायच्या. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर मात्र कधी एका रंगाच्या दोन बांगड्या दिसल्या नाहीत. जोडातली एक फुटली की उरलेली एकटी कोण घेणार? ती यांच्या हातात. आणि लोकांना वाटे, कासारणीचं काय, तिला बांगड्या फुकट, रोज नवा चुडा भरत असेल!

सासऱ्यांच्या वाट्याला, म्हणजे मारुती कासारांच्या, वेगळंच येई. त्यांना पुरुष डोळा मारून म्हणत, "मजा आहे बुवा, दिवसभर बायकांचे हात धरायचे!" ते बिचारे आपला तळवा उघडून दाखवत. काचेने कापलेल्या जुन्या-नव्या रेघांनी तो इतका भरला होता, की ज्योतिष्यानेही हात जोडले असते.

सासूबाईंचा खरा राग होता तो फुटक्या बांगडीच्या समजुतीवर. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात; खाडीकाठच्या आगरी बोलीत ड-ढचा र होतो, म्हणून तिथे 'वारली'. भरताना फुटली तर बाईचा चेहराच उतरतो, कारण सगळ्यांची नजर आधी तिच्या नवऱ्याच्या आयुष्याकडे जाते. सासूबाई मुद्दाम ठणकावून म्हणायच्या, "फुटली! काच ती, फुटायचीच. घागर फुटली तर पाणक्या मरतो काय?" बाया कानांवर हात ठेवायच्या. आणि गंमत अशी, की इतकं फटकळ बोलूनही बायांना भरवसा याच कासारणीचा. "बोलू दे गो, हिच्या हाताला कळतंय," असं म्हणायच्या. म्हणजे तोंडाला काही किंमतच नाही! सासूबाई चिडून लाल व्हायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मला त्यांनीच सांगितली, मी नवी सून असताना. एका गिऱ्हाइकाच्या खुळचट प्रश्नावर मी त्या बाईच्या पाठीमागे मनसोक्त हसत होते. सासूबाई माझ्याबरोबर हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "नंदा, बैस इथं," म्हणाल्या.

विलायतेच्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कल्याणात पणत्या लावल्या होत्या, त्याच हिवाळ्यातली ही हकिकत. खाडीकाठच्या एका गावात गोविंदा म्हणून मिठागरवाला होता. त्याची बायको रखमाबाई. त्यांचा एकुलता मुलगा सहदेव मचव्यावर खलाशी होता. तो मीठ घेऊन खाली कोचीनकडे गेला, आणि मचवाही परत आला नाही आणि माणसंही नाहीत. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. कुणी म्हणे रत्नागिरीच्या पुढे वादळात सापडला, कुणी म्हणे त्याला कुठल्याशा बंदरात पाहिलं. घरात त्याची बायको शालू होती. वय वीसच्या आतबाहेर, मूलबाळ नाही. दिवसभर मिठागरावर फावडं ओढायची आणि संध्याकाळी सासूच्या समोर बसायची. नवरा असेल तर सवाष्ण, नसेल तर विधवा. ती मात्र यातली एकही नव्हती. सण आला की बाया तिला कुंकू लावावं की नाही म्हणून घुटमळायच्या, आणि तीच आपणहून मागच्या दाराने निघून जायची.

अशात रखमाबाईचा निरोप आला, 'सुनेला चुडा भरायचाय, ये.' सासूबाईंना वाटलं, काही तरी बरी बातमी असेल. त्या चांगल्यातल्या हिरव्या बांगड्या निवडून घेऊन गेल्या.

जाऊन बघतात तर अंगणात अर्धं गाव. बाया गोळा झालेल्या, पुरुष मेढीला टेकून उभे. मध्ये पाटावर शालू, मान खाली घालून. रखमाबाईने आधी पाणी दिलं, मग सगळ्यांसमोर म्हणाली, "सगुणाबाय, हिचा हात भर. सगल्या बांगड्या धड गेल्या तर माझा सादेव जिता हाय. एक जरी वारली, तर आमी काय समजाचा ते समजू, न काय कराचा ते करू."

सासूबाई म्हणाल्या, मला वाटलं मी ऐकते ते चुकीचं ऐकते. माणूस जिवंत की मेलेला, हे माझ्या टोपलीतल्या काचेवरून ठरणार!

"रखमाबाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" त्या ओरडल्या. "हिचे हात बघा. मिठाने चिरलेत, पंजा लाकडासारखा कडक झालाय. त्यात ही थंडी. थंडीत काच कडकते. फुटली तर ती थंडीने फुटेल. तुमचा पोरगा कुठं आणि माझी बांगडी कुठं!"

गर्दीत गोदूबाई म्हणून एक म्हातारी होती. ती शेजारणीला म्हणाली, "आयकलास? आताच बोलती फुटल म्हनून. हिला कल्लाय गो, कल्लाय."

लगेच दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावले. सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, फुटेलच असं नाही म्हटलं मी! नाहीसुद्धा फुटणार!"

"म्हंजे जिता हाय!" दुसऱ्या बाजूने कुणी तरी आनंदाने म्हटलं.

काही बोलायचीच सोय राहिली नाही. 'हो' म्हटलं तरी कौल, 'नाही' म्हटलं तरी कौल. उठून चालू लागल्या असत्या तर 'तिला बघवेना म्हणून गेली' म्हणाले असते, आणि त्या पोरीचं कुंकू तिथल्या तिथे पुसलं असतं. तेव्हा त्यांनी मनाशी एक ठरवलं. माप मोठं काढायचं, तेलाला मागेपुढे बघायचं नाही, आणि सगळा चुडा अलगद चढवून मोकळं व्हायचं. आईच्या जिवाला आशा राहील आणि पोर सवाष्ण राहील. यात वाईट काय?

त्यांनी शालूचा उजवा पंजा हातात घेतला, तेल चोळलं, हाडं मऊ करत आणली. उजव्या हाताच्या सगळ्या बांगड्या चढल्या. बाया श्वास रोखून बघत होत्या. एकेक बांगडी मनगटावर आली की गर्दीतून सुस्कारा निघे. मग डावा हात घेतला. दोन बांगड्या गेल्या. तिसऱ्या वेळी शालूने दुखल्यासारखं केलं, पुढे वाकली आणि सासूबाईंच्या कानाशी अगदी हळू म्हणाली,

"मावशी, एक फोडा."

सासूबाईंच्या हातातला पंजा तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं. पोरीचे डोळे कोरडे होते.

"मना सोरवा," ती म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली.

एका क्षणात सासूबाईंना सगळं उमगलं. त्या समाजात विधवेचा पाट लागतो, दुसरं घर मिळतं. खडवलीच्या तानाजीने, बायको वारलेला माणूस तो, दोनदा विचारणं केल्याचं त्यांच्या कानावर होतं. पण जिचा नवरा मेला की नाही तेच ठरत नाही, तिला पाट कसला? तिने असंच मीठ ओढत म्हातारं व्हायचं. आणि आपण दया म्हणून जो चुडा चढवतोय, त्याने तिला आणखी दहा वर्षं त्याच पाटावर बसवून ठेवणार आहोत.

आणि नंदा, इथे मला स्वतःचाच धक्का बसला, असं सासूबाई म्हणाल्या. काच ती, फुटायचीच, हे जन्मभर बोंबलून सांगणारी मी. एक बांगडी फोडायची होती, फक्त एक. अंगठ्याने जरा तिरकं रेटलं की काम झालं. पण माझा अंगठा हलेना. सवाष्णीच्या हातातली बांगडी मुद्दाम फोडायची, म्हणजे मी कुणाला तरी मारते आहे, असं वाटून मला घाम फुटला. म्हणजे मीही त्यांच्यातलीच! मलाही आतून हेच वाटत होतं की काय?

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा तिरका रेटला. काच कडकन वाजली.

रखमाबाईने जी किंकाळी फोडली, ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल. गोविंदा मेढीला धरून खाली बसला. शालूच्या पंजातून रक्ताचा एक थेंब तेलात मिसळत होता, तो कुणी बघितलाच नाही. तिथल्या तिथे बायांनी उरलेल्या बांगड्या दगडाने ठेचल्या. भरलेल्या सगळ्या, काही वेळापूर्वी सासूबाईंनी इतक्या अलगद चढवलेल्या! पुढे कल्याणचे भटजी आले, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांनी तो सहदेव म्हणून खाडीकाठी जाळला, दहावं-बारावं झालं.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी काय केलं असेल? टोपली दारातच टाकली, आत गेल्या आणि झोपाळ्यावर बसलेल्या सासऱ्यांचं मनगट धरून नाडी पाहिली. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही. तुम्ही आहात ना?" म्हणाल्या, आणि चूल पेटवायला गेल्या. हसावं की रडावं, सांगा!

वर्षाच्या आत शालूचा पाट खडवलीच्या तानाजीशी लागला. सासूबाईंची मात्र पंचाईत झाली. कासारणीच्या हाताने मेलेला माणूस ओळखला, ही कीर्ती ठाण्यापर्यंत पोहोचली. खोपटकडची एक विहीणबाई तर होऊ घातलेल्या सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "हिचा हात धरून सांगा, ही घरात टिकेल का पळून जाईल?" सासूबाईंनी तिला असं झापलं की ती आल्या पावली परत गेली. आणि गावभर सांगत सुटली, 'कासारणीने तोंडाने नाही सांगितलं, पण रागावली त्यावरून समजायचं ते समजले.' ते लग्न मोडलं!

आणि मग तिसऱ्या वर्षी, ऐन मिठाच्या मोसमात, सहदेव आला.

भरदिवसा, बांधावरून चालत, दाढी वाढलेली, डोक्यावर मुंडासं आणि काखेत वळकटी. मचवा खरोखरच फुटला होता. याला दुसऱ्या गलबताने उचलला, कोचीनला उतरवला, तिथे बंदरावर काम मिळालं आणि हा राहिला. निरोप? "धारीन धारीन म्हनता ऱ्हायला," म्हणे. इकडे आईबापाने त्याचा पुतळा जाळला, बायकोचा चुडा ठेचला, आणि ह्याचं 'धारीन धारीन'!

पण गावाने काय केलं ते ऐका. पोरं भूत भूत करून पळाली. गोदूबाईने काठीने त्याचं धोतर वर करून पावलं उलटी आहेत का ते तपासलं. पावलं सरळ निघाली तरी तिचा विश्वास बसेना. "कासारनीचा हात खोटा कसा होल?" ती म्हणाली. समोर माणूस उभा आहे, घामाने भिजलाय, भाकरी मागतोय, आणि म्हातारीला काच जास्त खरी!

चार दिवस गेल्यावर भूत नाही हे सगळ्यांना पटलं. मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो जास्त वाईट होता. गोविंदाने हट्ट धरला, "पोरगा जिता हाय, तर सून आमची हाय. खरवलीहून आना तिला." तिकडे शालूच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी होती. नवऱ्याच्या जिवंतपणी पाट लागला असं ठरलं, तर ती पोर कुणाची म्हणायची? गावकी बसली. काळुराम पाटील हा गावकीचा मुख्य. त्याने सगुणा कासारणीला बोलावणं धाडलं. बांगडी आपणहून फुटली की कुणी फोडली, एवढंच तिने येऊन सांगायचं.

सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं, "मी खरं सांगणार." त्या रात्रभर जळत होत्या. एका आईचा जिवंत मुलगा आपण मेलेला ठरवला, हे ओझं त्यांना पेलवेना. त्यांचा हिशोब सरळ होता. गावापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, मी फोडली, ह्या अंगठ्याने फोडली, कासारणीच्या हाताला शेणसुद्धा कळत नाही, आता तरी शहाणे व्हा. शालूचं काय होईल, हा विचार आला की मात्र त्या अंथरुणात उठून बसायच्या. पण खरं ते खरं.

होडी गावाच्या धक्क्याला लागली तर तिथे रखमाबाई एकटीच उभी. तिने टोपली उतरवून घेतली आणि सासूबाईंना मिठाच्या राशीमागे नेलं.

"काय सांगनार हाईस?" तिने विचारलं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "रखमाबाई, मला क्षमा करा. ती बांगडी..."

"तू फोरलीस. माहीत हाय मना."

सासूबाईंनी मागे वळून कुणी ऐकतंय का ते पाहिलं.

"शालू तुझे कानाशी वाकली तवा मी समोरच व्हती. तुझा अंगठा मी बघितला. तू डोले मिटलंस, तेपन बघितला."

"तुम्ही बघितलंत?" सासूबाईंनी विचारलं. "मग ओरडलात कशाला? रडलात कशाला?"

"रडू नको तर काय करू? पोरगा माझा व्हता ना?" रखमाबाई म्हणाली. "अगो, काच ती काच, एवढा कलत नाय काय आमाला? आमी काय खुळी? दोन वर्सा ती पोर माझे समोर बसून सुकत व्हती. तिला सोरायची, तर माझा सादेव मेला असा कुनी तरी बोलाला पायजे. मी आई. माझे तोंडान मी कसा बोलू? म्हनून तुला बोलावली. तू फोरशील का नाय, ते मना माहीत नव्हता. फोरू नये असापन वाटं, न फोरावी असापन वाटं. तू फोरलीस. बरा केलास."

सासूबाई मिठाच्या राशीला टेकून उभ्या राहिल्या. जन्मभर ज्यांना त्या खुळ्या, अडाणी म्हणून झापत आल्या, त्यांतली एक बाई त्यांना हे सांगत होती. लोकांचा आपल्या हाताविषयी गैरसमज आहे, अशी ओरड करता करता आपलाच लोकांविषयी केवढा गैरसमज होता, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या मला म्हणाल्या, "त्या वेळी कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तरी मी एवढी हादरले नसते."

"आता मुलगा आला आहे तुमचा," त्या कशाबशा म्हणाल्या. "आता तरी खरं सांगू दे."

"न तिची पोर काय कराची? खारीत टाकाची?" रखमाबाईने त्यांचा हात घट्ट धरला. "मी कल्यानला जाऊन भटाला इचारून आयलंय. ज्याचा पुतला जालला, तो मानूस संपला. परत आयला तर त्यान नव्यान जन्म घ्याचा. आईचे ओटीत बसाचा, नाव नवीन, सगला नवीन. मंग आधीचा लगीन ऱ्हात नाय. पन पुतला खरा ठराला पायजे. न तो खरा ठराला बांगरी खरी ठराला पायजे. सगुणाबाय, तू फोरलीस म्हनालीस तर सगला खोटा. शालू परत मिठावर येल. तो तिकरं मजेत व्हता गो, चार वर्सा. माझा पोरगा हाय, मना आनंद हाय. पन त्याचे आनंदापायी तिला परत आनू देनार नाय मी."

गावकी देवळापुढे बसली होती. एका बाजूला सहदेव, न्हाऊन, दाढी करून, आईने दिलेलं नवं धोतर नेसून. काळुराम पाटलाने विचारलं, "कासारनी, खरा बोल. त्या दिशी बांगरी कशी वारली?"

सासूबाई उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला होता. आयुष्यभर ज्या वाक्यावर त्या भांडल्या, ज्या वाक्यापायी शेजारपाजाऱ्यांशी वैर घेतलं, तेच वाक्य त्यांना आता स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. आणि ते सगळ्यांना नीट ऐकू जायला हवं होतं.

"आपणहून वाढली," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला कळतं. त्या दिवशी हा माणूस या जगात नव्हता."

गोदूबाईने काठी आपटली, "बोल्लंय मी!" गोविंदा काही बोलायला उठला, पण काळुराम पाटलाने हाताने त्याला खाली बसवलं. सासूबाई सांगत, की पाटील तोंडाने 'देवाची मर्जी' म्हणत होता, पण त्याची नजर त्यांच्या अंगठ्यावर होती. आणि मग त्याने ती नजर हळूच बाजूला वळवली. म्हणजे त्यालाही! मी तर कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या गावात खरोखर भोळं होतं तरी कोण?

"तुम्ही होतात," मी सासूबाईंना म्हटलं.

"हो, मी होते," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत.

दोन दिवसांनी सहदेवाचा जन्म झाला. भटजींनी त्याला खाडीत बुडवून काढला, तुपाचं बोट लावलं. रखमाबाई अंगणात घोंगडीवर पाय पसरून बसली आणि त्या तीस वर्षांच्या बाप्याने, दंडाएवढ्या मनगटाच्या खलाशाने, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने त्याच्यावर पदर पांघरला. मधाचं बोट त्याच्या जिभेला लावलं. आत्याने कानात नवं नाव सांगितलं. बाया पाळणा म्हणायला लागल्या आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या, कारण आई खरंच त्याला थोपटत होती, डोळे मिटून, पहिल्या वेळी थोपटला असेल तशी. सासूबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. बाळंतिणीच्या हातात नवा चुडा कासारणीने भरायचा असतो ना! त्या रखमाबाईचा पंजा हातात घेऊन अगदी जवळ बसल्या होत्या, म्हणून त्यांनाच तेवढं ऐकू आलं.

सहदेवाने पदराआडून हळूच विचारलं, "आये, शालू कवा येल?"

रखमाबाईचा हात थोपटायचा थांबला नाही. "कोन शालू?" ती म्हणाली. "तुझा लगीन नाय झाला रं बाला अजून. आजच जन्मलास तू."